ज्ञानकोशांतील नामे आणि निर्देश

एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करावयाचे म्हणजे त्यातील मजकूर पाहावा, भाषा पाहावी, लेखकाची मते तपासावीत, असा आपला सर्वसाधारण प्रघात आहे. ग्रंथात शिरावयाचे दार कोठे आहे आणि त्याच्या एका दालनातून दुसऱ्या दालनात जावयाची सोय कशी केली आहे, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. कादंबरीच्या किंवा चरित्राच्या बाबतीत ती करण्याचे कारणही नसते. पहिल्या पानावर आरंभ करावा आणि शेवटच्या पानावर थांबावे, इतका तो मार्ग सरळ असतो. ज्ञानकोशाची गोष्ट निराळी. तो आरंभापासून अखेरपर्यंत कोणी वाचीत नाही. वाचक मनात एक नाव घेऊन येतो, त्या नावाने दार उघडले तर आत जातो, न उघडले तर कोशात ही माहितीच नाही अशी समजूत करून घेऊन परत फिरतो. माहिती आत व्यवस्थित मांडून ठेवलेली असते, पण ती दुसऱ्या नावाच्या दाराआड असते. म्हणून कोशातील विशेषनामे कोणत्या क्रमाने लिहावीत आणि ‘पहा’ हा निर्देश कोठे करावा, हे प्रश्न मुद्रकाच्या किंवा मुद्रितशोधकाच्या अखत्यारीतले समजून सोडून देण्याजोगे नाहीत. कोशाचे बरेवाईटपण पुष्कळ अंशी त्यांवर अवलंबून असते, असे आमचे मत आहे.

हा विचार आम्हांस सुचला तो होसकोटे येथे. बंगळूरहून कोलारच्या वाटेवर असलेले, मोठ्या तळ्याकाठचे हे गाव आहे. ‘होस’ म्हणजे नवे आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. सुगटूरच्या तम्मे गौडाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे कोट बांधला, त्यावरून हे नाव पडले. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतल्यानंतर या भागाची जहागीर शहाजीराजांकडे आली, तीत होसकोटेही होते. पुढे १७६८ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्रजांच्या बाजूने आलेल्या मुरारराव घोरपड्यांचा तळ येथे पडला असता हैदराने त्यावर रात्री छापा घातला आणि तो मुराररावांनी परतवून लावला. मराठी वाचकाला आपले वाटावे असे या गावात एवढे आहे. परंतु ज्याने या छाप्याची हकीकत इंग्रजी ग्रंथांतून वाचली असेल, त्याला होसकोटे हे नाव तेथे आढळणार नाही. तेथे ‘उस्कोटा’ असे लिहिलेले असते आणि मुराररावही ‘मोरारी रो’ या वेषात म वर्णाखाली उभे असतात. आम्ही स्वतः कित्येक दिवस उस्कोटा हे कोठले तरी दूरचे, आता नामशेष झालेले ठाणे असावे अशा समजुतीत होतो. ज्या गावात बसून आम्ही ते वाचीत होतो तेच ते गाव, हे ध्यानात यावयास एक जुना नकाशा हाती यावा लागला. ‘उस्कोटा : होसकोटे पहा’ एवढी एक ओळ कोठे असती, तर आमचे अज्ञान इतके दिवस टिकले नसते.

मराठीतील कोशवाङ्मयाकडे या दृष्टीने पाहताना प्रथम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांना वंदन करणे प्राप्त आहे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० नंतरच्या सातआठ वर्षांत त्यांनी पुरे केले. त्यांतले पहिले पाच खंड प्रस्तावनेचे. अकारविल्हे मजकूर त्यांच्या नंतर सुरू होतो आणि अखेरीस सूचीसाठी स्वतंत्र खंड येतो. या मांडणीत सूचीला दिलेले स्थान आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. कोश लिहून झाला म्हणजे काम संपले असे न मानता, वाचकाने कोणत्या शब्दाने हाक मारली तरी कोशाने ओ द्यावी, ही जबाबदारी त्यात स्वीकारलेली आहे. यानंतर महामहोपाध्याय सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश अनुक्रमे १९३२, १९३७ आणि १९४६ साली सिद्ध केले. एका व्यक्तीच्या हातून झालेले हे काम पाहून मन थक्क होते. तथापि कालखंडानुसार कोश विभागला की वाचकाला आपल्या माणसाचा काळ आधी ठाऊक असावा लागतो. काळ ठाऊक नाही म्हणूनच जो कोश उघडतो, त्याला तीन दारे ठोठवावी लागतात. यात संपादकाचा दोष म्हणावा असे काही नाही. प्रत्येक मांडणी वाचकाच्या काही पूर्वज्ञानावर विसंबून असते, इतकेच येथे दाखवावयाचे आहे.

आता व्यक्तिनामांकडे वळू. आडनाव प्रथम, नंतर स्वतःचे नाव, नंतर वडिलांचे नाव, ही रीत मराठी कोशांनी बहुधा पत्करली आहे. ‘केतकर, श्रीधर व्यंकटेश’ अशी नोंद पाहिली की ती आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु ही स्वाभाविकता सार्वकालिक नाही. ज्ञानेश्वरांना किंवा तुकारामांना आडनावाखाली शोधावयास कोणी जात नाही. ज्यांना आडनाव असूनही जगाने दुसऱ्याच नावाने ओळखले, त्यांचे काय करावयाचे? त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हटल्यावर क्षणभर थांबावे लागते. बालकवी म्हटले की थांबावे लागत नाही. कृष्णाजी केशव दामले आणि केशवसुत यांचेही तसेच. याहून अवघड उदाहरण चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांचे. कादंबरीकार म्हणून ते खानोलकर आहेत आणि कवी म्हणून आरती प्रभू. एका देहात दोन लेखक नांदत होते म्हणून कोशात दोन चरित्रे लिहिता येत नाहीत. चरित्र एकच, परंतु दारे दोन, आणि एका दारावर दुसरीकडे जाण्याची पाटी, हाच येथे मार्ग आहे.

स्त्रियांच्या नावांच्या बाबतीत तर ही पाटी नसणे हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही, तो अन्याय होतो. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा विभावरी शिरूरकर ही व्यक्ती कोण याविषयी महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली होती. त्या बाई म्हणजे बाळूताई खरे, विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर. कोशकाराने त्यांना केवळ बेडेकर या नावाखाली नोंदविले, तर ज्या नावाने त्यांनी समाजाला हादरा दिला ते नाव पुसले जाते. केवळ शिरूरकर म्हणून नोंदविले, तर पुढे स्वतःच्या नावाने केलेले लेखन पोरके होते. आणि खरे हे नाव कोठेच दिले नाही, तर विवाहापूर्वीच्या त्यांच्या आयुष्याशी दुवा जुळविणे नव्या अभ्यासकाला कठीण जाते. पुरुषाचे नाव बहुधा जन्मभर एक राहते. स्त्रीचे नाव आपल्या समाजाने बदलावयास लावले आहे. बदलावयास लावणाऱ्या समाजानेच निदान कोशात तरी तिची सगळी नावे एकत्र बांधून ठेवण्याची तसदी घ्यावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

याच ओघात मराठीपुरता एक प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजी कोशात उपाधी गाळून नुसते आडनाव लिहिले की लेखन तटस्थ झाले असे मानता येते. मराठीत आदर नावातच असतो असे नाही, तो क्रियापदातही असतो. ‘टिळक म्हणाले’ यात ‘लोकमान्य’ नाही, पण मान आहे. मग तटस्थ कोशकाराने कोणास ‘गेले’ म्हणावे आणि कोणास ‘गेला’? याच होसकोट्याच्या छाप्याची हकीकत लिहिताना ‘हैदर चालून आला’ आणि ‘मुरारराव सज्ज होते’ अशी वाक्ये आमच्या लेखणीतून आपोआप उतरतात. या लेखाच्या आरंभीदेखील आम्ही तम्मे गौडास आणि हैदरास एकवचन दिले, मुरारराव व शहाजीराजांस अनेकवचन दिले. वाचकांच्या ते ध्यानात आले नसेल तर नवल नाही, कारण आमच्याही ते मागाहून ध्यानात आले. वर्तमानपत्रात हे खपून जाईल. कोशात ते पक्षपाताचे रूप घेते, आणि तेही लेखकाच्या नकळत. तसेच पुरुषांचा उल्लेख आडनावाने आणि स्त्रियांचा ‘रमाबाई’, ‘आनंदीबाई’ असा पहिल्या नावाने करण्याची आपली जुनी सवय आहे. तीत जिव्हाळा असेल, पण पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे एकाच परिच्छेदात आल्या की जिव्हाळ्याचे रूपांतर घोटाळ्यात होते. सर्व ऐतिहासिक व्यक्तींस एकच वचन द्यावे, मग ते कोणतेही असो, आणि एकदा ठरविल्यावर त्यात जातपात, धर्म व प्रांत पाहू नये, असा नियम संपादकांनी कटाक्षाने पाळावयास हवा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां लोकांचा खरा जिव्हाळ्याचा प्रश्न याच्याही पुढचा आहे. आडनाव प्रथम हा नियम घेऊन मराठी कोशकार दक्षिणेत उतरला की त्याची फसगत होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव मराठी नियमाने ‘विश्वेश्वरय्या, मोक्षगुंडम’ असे लिहिले, तर वाचक मोक्षगुंडम हे त्यांचे नाव आणि विश्वेश्वरय्या हे आडनाव समजतो. वस्तुतः विश्वेश्वरय्या हेच त्यांचे स्वतःचे नाव. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे गाव. चंद्रशेखर व्यंकट रामन यांत चंद्रशेखर हे वडिलांचे नाव आहे आणि सर्वपल्ली राधाकृष्णन यांत सर्वपल्ली हे गावाचे. नोंद योग्य वर्णाखाली पडते खरी, परंतु मधला स्वल्पविराम खोटी साक्ष देतो. त्या एका चिन्हाने माणसाचे नाव आडनाव होऊन बसते आणि गावाचे किंवा बापाचे नाव त्याच्या गळ्यात पडते.

नावांच्या या गुंत्याचा ज्यांनी सर्वांत खोल विचार केला ते शियाळी रामामृत रंगनाथन याच बंगळुरात १९५७ पासून अखेरपर्यंत राहिले. त्यांच्या नावातही शियाळी हे गाव आहे आणि रामामृत हे वडील. त्यांनी १९३४ च्या आपल्या सूचिसंहितेत नावाचा कोणता घटक प्रथम यावा याचे नियम घालून दिले, आणि त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. त्यांच्या मार्गाने गेल्यास नावाच्या भागांचा क्रम ठरविण्यापूर्वी त्या समाजात त्या भागांचा अर्थ काय, हे विचारावे लागते. परंतु केवळ अर्थ विचारूनही भागत नाही. होसकोट्याला लागून असलेल्या मालूर तालुक्यातील मास्ती गावचे नाव लावणारे वेंकटेश अय्यंगार, ज्यांना १९८३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्यांना कन्नड वाचक नुसते ‘मास्ती’ म्हणतात. त्यांनी लेखन केले ते ‘श्रीनिवास’ या नावाने. अर्थाच्या नियमाने त्यांची नोंद व वर्णाखाली जावी, टोपणनावाच्या नियमाने श वर्णाखाली, पण लोकांच्या जिभेवर आहे ते म वर्णाचे नाव. अशा वेळी नियमाने लोकव्यवहारापुढे नमावे. लोक ज्या नावाने शोधतात तेथे चरित्र द्यावे आणि इतर नावांपुढे ‘पहा’ लिहावे.

दक्षिणेतील मराठी माणसाची अवस्था या दोन रीतींच्या कात्रीत सापडल्यासारखी आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे कुंभकोणम येथे जन्मलेले मराठी गृहस्थ. ‘टी’ म्हणजे तंजावर. इंग्रजी सूचींत ते ‘राव’ या आडनावाखाली सापडतात. ‘राव’ हे आडनाव नव्हे, तो मानाचा प्रत्यय आहे, हे मराठी मुलालाही समजते. तरी सूचीने तो प्रत्यय आडनावाच्या जागी बसविला की तो तेथे कायमचा बसतो. बंगळुरात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाड यांना जग रजनीकांत म्हणून ओळखते. तेथे निदान नवे नाव जाणून घेतलेले आहे. आमच्यासारख्या सामान्य माणसांची नावे मात्र नकळत बदलतात. आमच्याच घरातील एका मुलाचे नाव शाळेत घालताना गावाचे आद्याक्षर, वडिलांचे आद्याक्षर, मग नाव आणि शेवटी ‘राव’ असे लिहिले गेले. आडनावाला त्या रकान्यात जागाच नव्हती. पुढे एका कचेरीत ‘राव’ हे आडनाव ठरले, त्याच्या चुलतभावाचे दुसऱ्या कचेरीत आद्याक्षरच आडनाव झाले, आणि एका आजोबांचे नातू कागदोपत्री एकमेकांचे कोणी राहिले नाहीत. दोष कोणा एकाचा नव्हे. नाव लिहून घेणाऱ्याने आपली रीत हीच जगाची रीत मानली, एवढेच घडले. कोशकाराकडून तेच घडते तेव्हा एका घराऐवजी सबंध समाजाचे कागदपत्र बिघडतात.

नावाचे दार झाले, आता वाटांविषयी. ‘पहा’ हा निर्देश दिसावयास निरुपद्रवी दिसतो. दिदरो आणि दालांबेर यांच्या फ्रेंच विश्वकोशाने (१७५१–१७७२) त्याची ताकद जगाला दाखविली. नरमांसभक्षकांवरील नोंदीच्या शेवटी त्यांनी ख्रिस्ती धर्मातील प्रसादविधीविषयीच्या नोंदी पाहाव्यात असा साळसूद निर्देश करून ठेवला. नोंदीच्या मजकुरात धर्मपीठाला आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते. जो टोला होता तो निर्देशात होता. दोन नोंदींमध्ये वाट काढणे म्हणजे त्यांचा काही संबंध आहे असे विधान करणे होय, हा त्यातील धडा. म्हणून निर्देशही विधानाइतक्याच जबाबदारीने करावयास हवा.

छापील कोशात निर्देशाची आणखी एक अडचण असते. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे सुरू झाले. १९७३ साली परिभाषासंग्रह आणि १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि अकारविल्हे अखेरच्या खंडापर्यंत पोचावयास त्यानंतर जवळजवळ चार दशके लागली. पहिल्या खंडात बाण काढून दाखविलेली ह वर्णाची नोंद वाचावयास एका पिढीने थांबावे, असा हा प्रकार. तरीही ते निर्देश करणे योग्यच होते. त्यांत संपादकांनी पुढच्या कामाचा शब्द दिला होता आणि तो पाळलाही.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात हा काळाचा अडसर उरला नाही. तेथे ‘पहा’ची जागा दुव्याने घेतली. शब्दावर बोट ठेवले की वाचक दुसऱ्या लेखात जातो. लेख असेल तर शब्द निळा, नसेल तर तांबडा. तांबडा दुवा म्हणजे अजून न लिहिलेल्या लेखाचे आमंत्रण, ही कल्पना आम्हांस फार आवडली. व्यक्तींची नावेही तेथे ‘श्रीधर व्यंकटेश केतकर’ अशी बोलण्याच्या क्रमाने येतात, आणि पुनर्निर्देशनाच्या सोयीमुळे एका लेखाला हवी तितकी दारे ठेवता येतात. स्वल्पविरामाची खोटी साक्ष तेथे संपली, ही मोठी गोष्ट आहे. पण सोय वाढली तसा मोहही वाढला. वर्ष, महिना, देश, नदी, जो शब्द दिसेल त्याला दुवा देण्याची हौस काही लेखांत दिसते. सगळा परिच्छेद निळा झाला म्हणजे त्यातील महत्त्वाची वाट कोणती हे कळेनासे होते. गावातल्या प्रत्येक घरावर ‘रस्ता इकडे’ अशी पाटी लावली तर वाटसरू चुकणारच.

याहून घातक चूक म्हणजे नाव बरोबर आणि वाट चुकीची. ‘शहाजी’ हा शब्द दिसला की त्याला दुवा द्यावयाचा, पण कोणत्या शहाजीचा? होसकोट्याचे जहागीरदार शहाजीराजे एक आणि १६८४ साली तंजावरच्या गादीवर आलेले त्यांचे नातू शहाजी दुसरे. शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी निराळे, त्यांचे पुतणे छत्रपती संभाजी निराळे. साताऱ्याचे शाहू १७४९ साली निवर्तले, कोल्हापूरच्या शाहूंचा जन्म १८७४ चा. तंजावरला एकोणिसाव्या शतकातही एक शिवाजी राज्यावर होते. भोसल्यांच्या घराण्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत होती. ती त्यांनी कोशकारांच्या सोयीसाठी बदलावी असे म्हणता येत नाही. मग कोशकारानेच नावापुढे कंसात गादी किंवा जन्ममृत्यूची वर्षे द्यावीत, समान नावांची एक निःसंदिग्ध यादी करावी आणि प्रत्येक दुवा एकदा स्वतः चालून पाहावा. तंजावरच्या संगीत-साहित्याचे श्रेय चुकीच्या वाटेने बंगळूरच्या शहाजीराजांना जाऊन मिळाले, तर त्यात दोघांचाही अपमान आहे.

येथे एक आक्षेप येईल. हजारो नोंदींच्या कोशात प्रत्येक प्रांताची रीत पाळावयाची तर नियम उरणार नाही, आणि नियमाविना अनेक लेखकांचा कोश एकसूत्री होणार नाही. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्याने कधी दहा पानांची सूची केली असेल त्याला त्याचे वजन कळेल. परंतु एकसूत्रीपणा माणसांच्या नावांच्या क्रमात शोधण्याऐवजी वाचकाला दिलेल्या वचनात शोधावा, असे आम्हांस वाटते. ते वचन थोडक्यात असे : माणूस ज्या नावाने प्रसिद्ध आहे तेथे त्याचे चरित्र मिळेल. त्याच्या इतर प्रत्येक नावापुढे तेथवर नेणारा निर्देश असेल. आडनाव नाही त्याला आडनाव चिकटविले जाणार नाही. नावातील भागांचा अर्थ नोंदीच्या पहिल्या वाक्यातच सांगितला जाईल. आणि दुवा एकदाच, गरजेपुरता, पण अचूक असेल. नियम पाचच आहेत आणि ते वाईपासून होसकोट्यापर्यंत कोठेही लागू पडतात.

मराठी कोशांनी गेल्या शंभर वर्षांत जे साधले आहे ते लहान नाही. त्यांच्याजवळ उणे काढावयास आम्ही बसलो आहोत, असा समज कृपा करून होऊ नये. आम्हां बाहेरच्या मराठी वाचकांना घरी शब्द अडला की विचारावयास शेजारी कोणी नसते. तेव्हा आम्ही कोशच उघडतो. त्या कोशात आमच्या गावाचे आणि आमच्या माणसांचे नाव आम्ही ज्या रीतीने उच्चारतो त्या रीतीने सापडले, निदान तेथून योग्य जागी नेणारी एक ओळ सापडली, तर तो कोश आमचाही होतो. मराठी भाषेच्या सीमा कोठपर्यंत आहेत हे पुष्कळदा त्या एका ओळीवरून ठरते.